लिथियमची बैठक

संक्रांतीच्या काटेरी हलव्यात साखरेइतकाच मान दाण्याला असतो. परातीत खसखस किंवा तीळ घ्यायचे, खाली जेमतेम धग ठेवायची, चमच्याचमच्याने पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे. घाईने पाक ओतला की गोळे होतात; धीर धरला की दाण्यादाण्यावर साखर थराथराने बसते आणि तिला काटे फुटतात. विरघळलेली वस्तू घनरूपात येताना कशावर तरी टेकते. ती कशावर टेकली आणि किती वेगाने टेकली, यावर तिचा पुढचा आकार ठरतो. हा नियम स्वयंपाकघरात चालतो तसाच बॅटरीतही चालतो. फरक एवढाच की हलवा करणारीला काटा हवा असतो आणि बॅटरी करणाऱ्याला तो काहीही करून टाळायचा असतो. बॅटरी चार्ज होताना लिथियम धातू ज्या पृष्ठभागावर जमते त्याला संशोधक सबस्ट्रेट म्हणतात. आपण त्याला बैठक म्हणू. लिथियम धातूच्या बॅटरीची चर्चा बहुतेक वेळा इलेक्ट्रोलाइटभोवती फिरते आणि बैठकीला सतरंजीचे स्थान मिळते: कार्यक्रमाला लागते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. ही उपेक्षा चुकीची आहे, आणि बैठकीकडे पाहिले जाते तेव्हाही बऱ्याचदा अर्धेच पाहिले जाते. लिथियम बसते कसे हे तपासले जाते; उठते कसे हे तपासायचे राहते. बैठकीची खरी परीक्षा मात्र उठण्याच्या वेळी होते.

मुळात लिथियम धातूचा एवढा सोस कशासाठी? फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, विजेवरच्या स्कूटरमध्ये आज असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिच्यात लिथियम असते, पण धातूच्या रूपात नसते. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धन बाजूकडून निघतात, इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून पलीकडे जातात आणि ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून राहतात. ग्रॅफाइट ही त्यांची चाळ. चाळ भक्कम आहे, पण जागेची फार उधळपट्टी करते: लिथियमच्या एका अणूला सामावून घ्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. म्हणून एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच विद्युतभार साठवते. फोनच्या खोक्यावर छापलेले असते तेच हे माप. चाळ पाडून नुसते लिथियम ठेवले तर हाच आकडा ग्रॅमला ३८६० होतो, म्हणजे दहापट. लिथियम हा सर्वांत हलका धातू आहे, त्याची घनता पाण्याच्या जवळपास निम्मी. त्याचे विद्युत विभवही उणे ३.०४ व्होल्ट इतके खाली असल्यामुळे बॅटरीला व्होल्टेज भरपूर मिळते. अख्ख्या बॅटरीचा फायदा अर्थात दहापट होत नाही, कारण धन बाजू, द्रव, पत्रे आणि वेष्टण यांचे वजन जागच्या जागी राहते. तरीही आजच्या चांगल्या सेलमध्ये किलोमागे २५० ते ३०० वॉट-तास ऊर्जा मावत असताना अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ‘बॅटरी ५००’ या प्रकल्पात ५०० वॉट-तासांचे लक्ष्य ठेवले, ते मुख्यतः लिथियम धातूच्या भरवशावर.

ही कल्पना जुनीच आहे. १९७० च्या दशकात एक्झॉन कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली, तेव्हा टायटॅनियम डायसल्फाइडच्या समोर लिथियम धातूच होता. पुढच्या दशकात कॅनडातल्या मोली एनर्जीने मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि लिथियम धातू यांची जोडी बाजारात आणली. १९८९ मध्ये जपानमध्ये या बॅटऱ्या बसवलेल्या फोनना आगी लागल्या आणि माल परत मागवावा लागला. वारंवार चार्ज होताना लिथियम सपाट न बसता तंतू आणि काटे होऊन वाढते, असा काटा मधला पडदा ओलांडून पलीकडे टेकला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते, आणि भोवतीचा द्रव ज्वालाग्राही असतो. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीने लिथियमला कार्बनच्या आत राहायला लावले आणि हा प्रश्न न सोडवता बाजूला ठेवला. तो निर्णय शहाणपणाचा होता. व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच वाटचालीबद्दल. पण बाजूला ठेवलेला प्रश्न आता पुन्हा पुढ्यात आला आहे, कारण ग्रॅफाइटच्या चाळीत नवीन खोल्या निघायला वाव उरलेला नाही.

आता बैठकीकडे वळू. लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटचा लेप तांब्याच्या पत्र्यावर दिलेला असतो. हा पत्रा साधारण ६ ते १० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या सात-आठ पट बारीक. त्याचे काम वीज आणणे आणि नेणे. धन बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा असतो; तो हलका आणि स्वस्त. मग ऋण बाजूलाही तोच का लावत नाहीत? कारण ऋण बाजूच्या कमी व्होल्टेजला ॲल्युमिनियम लिथियमशी संयोग पावते, फुगते आणि हळूहळू त्याचा भुगा होतो. तांबे लिथियमशी असा संयोग करत नाही. तिथे राहूनही ते अलिप्त असते आणि या अलिप्ततेसाठीच त्याची निवड झाली. आता ज्या रचनेवर सर्वांत जास्त आशा आहे ती पाहू. तिला ‘ॲनोड-विरहित’ म्हणतात. कारखान्यात तिच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट नसते, लिथियमही नसते. असतो तो नुसता पत्रा. सगळे लिथियम धन बाजूच्या पदार्थात असते आणि पहिल्या चार्जिंगला येऊन त्या उघड्या पत्र्यावर बसते. इथे तांब्याचा जुना गुण अवगुण ठरतो. जे लिथियमला जवळ करत नाही त्याच्यावर लिथियम पसरत नाही. अळूच्या पानावर पाण्याचे थेंब राहावेत तसे सुटे सुटे राहते.

ही नावड मोजता येते. तांब्याच्या चकतीसमोर लिथियमची चकती ठेवायची, अगदी मंद प्रवाह सोडायचा आणि तांब्याचे व्होल्टेज लिथियमच्या तुलनेत पाहत राहायचे. शून्य व्होल्टला लिथियम धातूरूपात बसायला तत्त्वतः हरकत नसते. पण आलेखाची रेघ शून्यावर थांबत नाही. ती आणखी खाली घसरते, एक टोकदार खड्डा पडतो, मग थोडी वर येऊन ती सपाट धावू लागते. तो खड्डा म्हणजे पहिले अणू बसवण्यासाठी मोजलेली जादा किंमत. चार-दोन अणूंचा पुंजका फार काळ तग धरत नाही, कारण त्याला आतला भाग जवळपास नसतो, सगळा पृष्ठभागच असतो; तो पुन्हा विरघळून जातो. एका ठरावीक आकारापुढे गेला तरच तो टिकतो आणि त्याचा अंकुर होतो. एकदा अंकुर रुजला की नंतर येणाऱ्या अणूंना उघड्या तांब्यापेक्षा त्या अंकुरावर बसणे स्वस्त पडते. परिणामी मंद प्रवाहात तांब्यावर अंकुर थोडे, लांब लांब आणि मोठे होतात. ज्याचे डोके वर निघाले त्याच्याकडे आयन आधी पोहोचतात, टोकाशी विद्युतक्षेत्रही दाटलेले असते, म्हणून जो उंच आहे तोच आणखी उंच होतो. उंचसखलपणा असा स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

२०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या यी त्सुई यांच्या गटाने वेगवेगळ्या अकरा पदार्थांवर हा खड्डा मोजला आणि निष्कर्ष ‘नेचर एनर्जी’मध्ये प्रसिद्ध केले. तांब्यावर खड्डा सुमारे ४० मिलिव्होल्ट खोल होता. सोन्यावर तो जवळपास नव्हताच. चांदी, जस्त, मॅग्नेशियम हेही लिथियमला सहज जागा देणारे निघाले. कार्बन, कथील आणि सिलिकॉन यांच्यावर खड्डा उथळ झाला, पण उरला. ही क्रमवारी बोलकी आहे. कथील आणि सिलिकॉनही लिथियमशी संयुगे करतात, तेव्हा नुसता संयोग पुरेसा असता तर तेही सोन्याच्या पंक्तीला बसले असते. सोने, चांदी, मॅग्नेशियम यांची खासियत अशी की ते खुद्द लिथियम धातूत थोडेफार विरघळतात. त्यामुळे पृष्ठभागावर आधी असा एक पातळ थर तयार होतो ज्याची स्फटिकरचना लिथियमसारखीच असते, आणि नंतर येणाऱ्या लिथियमला परक्या घरात आल्यासारखे वाटत नाही. कल्हई करताना वितळलेले कथील भांड्यावर का पसरते, याचे उत्तरही याच जातीचे आहे. नवसागराने मळ निघाला की कथील आणि तांबे यांचा सांध्यावर संयोग होतो, म्हणून ते पसरते. मळक्या भांड्यावर त्याचे गोळे होतात. त्सुई यांच्या गटाने या निरीक्षणाचा उपयोगही करून दाखवला. कार्बनच्या पोकळ गोळ्यांच्या आत सोन्याचे सूक्ष्म कण ठेवले, तर लिथियम बाहेर न बसता नेमके गोळ्यांच्या आत जाऊन बसले. म्हणजे बैठक बदलून लिथियमची जागाच ठरवता आली.

इथे सावध वाचक एक विसंगती काढील. त्याच गटाने २०१७ मध्ये तांब्यावरच्या अंकुरांची मोजदाद केली तेव्हा असे दिसले की जादा व्होल्टेज जितके जास्त लावावे तितके अंकुर लहान होतात, आणि त्यांची संख्या त्या व्होल्टेजच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जोर लावला तर आकार निम्मा, संख्या आठपट. लहान आणि दाट अंकुर तर आपल्याला हवेच आहेत. मग खोल खड्डा वाईट कसा? उत्तर असे की दोन गोष्टींची गल्लत होते आहे: बैठकीने घातलेला अडथळा आणि आपण लावलेला जोर. तांब्यावर जोर वाढवून दाट अंकुर मिळवता येतात, पण जोर म्हणजे प्रवाह, आणि प्रवाह फार वाढला की पृष्ठभागाजवळचे आयन संपू लागतात, नवे येईपर्यंत तुटवडा पडतो आणि तुटवड्यात टोकेच पुढे धावतात. अडथळाच काढून टाकणाऱ्या बैठकीवर दाटी मिळवायला एवढी मारामारी लागत नाही. चांगली बैठक म्हणजे हलव्यातला असा दाणा, ज्याच्यावर पाक चहूकडून एकसारखा धरतो.

एवढ्यावर थांबलो तर निष्कर्ष सोपा होईल: पत्र्याला चांदीचा मुलामा द्या आणि मोकळे व्हा. अनेक बातम्या इथेच थांबतात. पण बॅटरी एकदा भरून चालत नाही, ती रिकामीही व्हावी लागते. डिस्चार्जच्या वेळी लिथियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन पत्र्याकडे देतो आणि आयन होऊन द्रवात जातो. त्यासाठी तो पत्र्याशी धातूच्या अखंड धाग्याने जोडलेला असावा लागतो. तंतूसारख्या लिथियमचा बुंधा आधी विरघळला तर वरचा भाग तुटतो. तो धातूच असतो, पण भोवती द्रवाच्या विघटनातून बनलेले, वीज वाहू न देणारे कवच आणि खाली फट. विजेच्या हिशेबी तो मेलेला. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत शर्ली मेंग यांच्या गटाने याचा हिशेब एका साध्या युक्तीने लावला. वापरलेल्या पत्र्यावर पाणी घातले की धातूरूप लिथियम हायड्रोजन सोडते. कवचात संयुगे होऊन अडकलेले लिथियम तसा वायू सोडत नाही. निघालेला हायड्रोजन मोजला की किती लिथियम तुटून पडले आणि किती रसायनात खर्च झाले, हे वेगळे करता येते. निष्कर्ष असा की हरवलेल्या लिथियमचा मुख्य वाटा तुटून मेलेल्या धातूचा होता. तोपर्यंत दोष बहुधा रासायनिक खर्चावर टाकला जाई. लिथियम जिथे तुटते ती जागा बुंध्याशी, म्हणजे बैठकीच्या लगत असते. म्हणून बैठकीचा प्रश्न पहिल्या चार्जिंगनंतर संपत नाही. तो प्रत्येक फेरीत दोनदा विचारला जातो.

यातला आकड्यांचा भाग निर्दय आहे. ॲनोड-विरहित बॅटरीत जादा लिथियम साठ्याला नसते, त्यामुळे प्रत्येक फेरीत जे गेले ते गेले. बसलेल्या लिथियमपैकी ९९ टक्के परत उठले तर ऐकायला छान वाटते, पण शंभर फेऱ्यांनंतर हाती ३७ टक्केच उरते. ९९.९ टक्के असले तर शंभर फेऱ्यांनंतर ९० टक्के. हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के हवे असतील तर प्रत्येक वेळी ९९.९८ टक्के लिथियम परत यावे लागते. सोन्याचे कण पोटात असलेल्या त्या कार्बनगोळ्यांनी ३०० हून जास्त फेऱ्यांत सुमारे ९८ टक्के परतावा दिला, आणि तोही नेहमीच्या कार्बोनेट द्रवात, जो लिथियमला फार खातो. संशोधन म्हणून हे यश मोठे होते. पण दर फेरीला दोन टक्के गळती म्हणजे जादा साठा नसल्यास पस्तिसाव्या फेरीपर्यंत निम्मे लिथियम गेले. खड्डा शून्य, बसणे सुबक, आणि तरी उठताना तोटा. बसवण्याची कसोटी पार करणारी बैठक उठवण्याच्या कसोटीला पुरी पडेलच असे नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

यावर पहिला आक्षेप असा: पहिला थर बसला की पुढचे लिथियम लिथियमवरच बसते, मग खाली सोने आहे की तांबे याने काय फरक पडतो? आक्षेपात तथ्य आहे. पत्र्याच्या एका चौरस सेंटिमीटरवर एक एमएएच भार म्हणजे भरीव लिथियमचा जवळजवळ पाच मायक्रॉन जाड थर. कामाच्या बॅटरीत चार एमएएच लागतात, म्हणजे वीस मायक्रॉन, पत्र्याच्या दुपटीहून जाड. एवढ्या उंचीवर तळाचा वास पोहोचत नाही हे खरेच. पण पहिला थर पुढच्या थरांचा आराखडा असतो: अंकुर विरळ असतील तर वरची वाढ सच्छिद्र होते, दाट असतील तर ते लवकर एकमेकांना भिडून सलग होतात. दुसरे म्हणजे ॲनोड-विरहित बॅटरीत पत्रा प्रत्येक फेरीत पुन्हा उघडा पडतो, त्यामुळे ‘पहिला थर’ हजार वेळा येतो. तिसरी गोष्ट वापर नसतानाची आहे. लिथियमचे ठिपके आणि मध्ये उघडे तांबे अशी स्थिती राहिली तर त्या दोन धातूंची आतल्या आत एक छोटी बॅटरी बनते. लिथियम इलेक्ट्रॉन सोडते, ते तांब्यावर जाऊन द्रवाचे विघटन करतात, आणि बॅटरी नुसती पडून असतानाही लिथियम झिजते. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे गंजणे किती वेगाने होते ते दाखवले. लिथियमने न झाकलेली बैठक अशी आपल्या परीने नुकसान करतच असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खरा खेळ इलेक्ट्रोलाइटचा. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०१९ मध्ये ॲनोड-विरहित सेल बनवले, त्यांत साधाच तांब्याचा पत्रा होता. बदल केला तो द्रवात: लिथियमचे दोन क्षार एकत्र वापरले, शिवाय सेल बाहेरून दाबून धरले. ९० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरली, म्हणजे दर फेरीला सरासरी पाव टक्का घट. सोन्याशिवाय, चांदीशिवाय. हे मान्य केलेच पाहिजे. चांगला द्रव वाईट बैठकीवरही बरेच काही साधतो, आणि वाईट द्रवाला सोन्याची बैठकही वाचवू शकत नाही. पण द्रव आणि बैठक यांना प्रतिस्पर्धी मानणे हीच चूक आहे. लिथियमवर द्रवाच्या विघटनातून जे पातळ कवच बनते, ज्याचे वर्णन इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये केले, ते उघड्या पत्र्यावर लिथियम येण्याआधीच बनू लागते. व्होल्टेज शून्याकडे उतरत असतानाच द्रव पत्र्यावर तुटतो. म्हणजे लिथियमला प्रत्यक्षात भेटते ते तांबे आणि द्रव यांनी मिळून अंथरलेले पांघरूण. तांब्यावर ऑक्साइडचा मळ होता का, पत्रा किती खडबडीत होता, यावर त्या पांघरुणाचा एकसारखेपणा ठरतो. डान यांच्या प्रयोगातला दाबही हेच सांगतो: दाबामुळे तुटू पाहणारे लिथियम पत्र्याला चिकटून राहिले. बैठकीचा धातू बदलला नाही, पण बैठकीशी असलेला संपर्क मात्र जपला.

तिसरा आक्षेप: द्रवाऐवजी कठीण घन इलेक्ट्रोलाइट घातला की काट्यांचा प्रश्नच मिटेल. २००५ मध्ये चार्ल्स मनरो आणि जॉन न्यूमन यांनी गणिताने दाखवले होते की इलेक्ट्रोलाइट लिथियमच्या सुमारे दुप्पट ताठ असेल तर काटे दबतील. पुढे लिथियमच्या कित्येक पट ताठ सिरॅमिक वापरून पाहिले, तरी मऊ लिथियम त्याच्या कणांमधल्या फटींतून आणि सूक्ष्म भेगांतून आत शिरले. गणित अखंड पदार्थाचे होते. प्रत्यक्षातला पदार्थ फटींसकट येतो. या वाटेवरचा एक उठून दिसणारा प्रयोग २०२० मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी केला, आणि त्याच्या केंद्रस्थानी बैठकच होती. सल्फाइड जातीचा घन इलेक्ट्रोलाइट आणि धातूचा पत्रा यांच्या मध्ये त्यांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या कार्बनचा सुमारे पाच मायक्रॉनचा थर दिला. चार्जिंगच्या वेळी लिथियम या थरातून पार होऊन पलीकडे, थर आणि पत्रा यांच्या मध्ये, सपाट बसले. चांदी लिथियममध्ये विरघळून पत्र्याच्या दिशेने सरकताना दिसली. कार्बनने लिथियमला इलेक्ट्रोलाइटपासून दूर ठेवले, चांदीने त्याला एकसारखे पसरवले. ०.६ ॲम्पिअर-तासाच्या नमुना सेलने लिटरमागे ९०० वॉट-तासांहून जास्त ऊर्जा दिली आणि १००० फेऱ्या पार केल्या. चाचणी ६० अंश सेल्सिअसला आणि दाबाखाली झाली, त्यामुळे मोटारीपर्यंतची वाट अजून लांब आहे. पण घन इलेक्ट्रोलाइट आला म्हणून बैठकीचे महत्त्व संपले नाही, उलट वाढले, एवढे या प्रयोगाने नक्की सांगितले.

राहिला किमतीचा आणि टिकाऊपणाचा आक्षेप. किमतीची धास्ती आकडेमोड केली की बरीच कमी होते. पत्र्याच्या एका चौरस मीटरवर ५० नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर द्यायला अर्धा ग्रॅम चांदी लागते. त्या चौरस मीटरवर वर सांगितलेल्या हिशेबाने साधारण १५० वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे ६० किलोवॉट-तासांच्या मोटारीला ४०० चौरस मीटर पत्रा आणि सुमारे २०० ग्रॅम चांदी. सोने घेतले तर मात्र चाळीस तोळ्यांच्या घरात जाईल, आणि एवढे दागिने अंगावर घालून रस्त्यावर मोटार उभी करणे कुणाला परवडणार नाही. जस्त आणि मॅग्नेशियम त्याहून कितीतरी स्वस्त आहेत. टिकाऊपणाचा आक्षेप जास्त खरा आहे. जे धातू लिथियमला प्रेमाने जवळ करतात तेच त्याच्यासोबत फुगतात, आक्रसतात, भेगाळतात. लिथियममध्ये विरघळणारा कण त्याच्यासोबत भटकतो आणि मेलेल्या लिथियममध्ये अडकला तर कायमचा हरवतो. कल्हई उडते तशी ही कल्हईही उडते, आणि बॅटरी उघडून ती पुन्हा करता येत नाही. बीजिंगच्या रसायनशास्त्र संस्थेतल्या गुओ यू-गुओ यांच्या गटाने २०१५ मध्ये दुसरी वाट दाखवली: तांबे तेच, पण सपाट पत्र्याऐवजी अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे, जेणेकरून प्रवाह असंख्य टोकांत वाटला जाईल आणि लिथियम जाळ्याच्या आत भरेल. इथेही हिशेब चुकत नाही. पृष्ठभाग वाढला की त्यावर बनणारे कवच वाढते आणि त्यात लिथियम खर्च होते. शिवाय आयन वरून येत असल्याने लिथियमला वरच बसण्याचा मोह होतो. म्हणून जाळ्याच्या तळाशी लिथियमला आवडणारा पदार्थ आणि माथ्यावर न आवडणारा, अशी उतरण देऊन पाहणारे प्रयत्न चालू आहेत. फुकटात काही मिळत नाही. प्रत्येक बैठक एका गुणासाठी दुसरा गुण गहाण ठेवते.

हे सारे भविष्यातल्या बॅटरीपुरते आहे असेही कुणी समजू नये. खिशातल्या फोनमध्येही ग्रॅफाइट ही एक बैठकच आहे. एरवी लिथियम त्याच्या थरांमध्ये शिरते, पण कडाक्याच्या थंडीत किंवा फार वेगाने चार्ज केल्यास आत शिरण्याचा वेग कमी पडतो आणि दारात खोळंबलेले लिथियम ग्रॅफाइटवरच धातू होऊन बसते. तिथून पुढे तेच प्रश्न: थोडे परत उठते, थोडे तुटून मरते, आणि क्षमता हळूहळू घटते. शून्य अंशाखाली चार्जिंग रोखण्याची किंवा मंद करण्याची सोय बॅटऱ्यांमध्ये असते ती म्हणूनच. वेगवान चार्जिंग ग्रॅफाइटच्या बैठकीची कसोटी पाहते, मग वेगाची जाहिरात कितीही मोठ्या अक्षरात असो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नव्या लेपामुळे लिथियम आरशासारखे सपाट बसले’ अशी बातमी आली तर आरशाचे कौतुक जरूर करावे, पण फोटो कुठल्या क्षणी काढला ते पाहावे. बहुतेक फोटो बॅटरी भरलेली असतानाचे असतात आणि बैठकीबद्दल अर्धेच सांगतात. खरा फोटो शेकडो फेऱ्यांनंतरचा, पूर्ण डिस्चार्ज झालेल्या पत्र्याचा. त्यावर राखाडी-काळा, भुसभुशीत थर साचलेला असेल तर लिथियम बसले छान, पण उठले नाही. लिथियम आले होते याची खूण न ठेवता पत्र्याचा मूळ रंग दिसू लागला, तर ती बैठक जमली म्हणायची.